शब्द मोजून माया मोजता येत नाही

इंग्रजीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान या सगळ्यांना एकच ‘अंकल’ पुरतो. आपल्याकडे मात्र काका वेगळा, मामा वेगळा. त्यावरून आपल्याकडे नाती जिवापाड जपली जातात आणि तिकडची माणसे एकमेकांना दुरावलेली असतात, असा निष्कर्ष व्याख्यानांत, लेखांत आणि शाळेच्या निबंधांत इतक्या सहजपणे काढला जातो की तो तपासावा असे कोणालाच वाटत नाही. मला तो उथळ वाटतो. शिवाय तो आपल्याला सुखावणारा असल्यामुळे आपण आपल्याच भाषेतल्या नात्यांच्या शब्दांकडे नीट पाहत नाही, हे नुकसान वेगळेच.

माझे म्हणणे असे आहे. नात्याचा शब्द मायेचे माप सांगत नाही. लग्न, वारसा, सुतक, मानपान, कोणी कोणाच्या घरी राहायला जायचे, या बाबतींत समाजाला जो फरक दर वेळी, वेगळे विचारायला न लागता, कळायला हवा असतो, तो फरक शब्दात उतरतो. ती गरज सरली की शब्द एकमेकांत मिसळतात, मरतात किंवा दुसऱ्या कामाला लागतात. माया त्यांच्याबरोबर वाढत नाही आणि घटतही नाही.

## १. मोजणीच उलटते

आधी शब्दसंख्येचा नियम खरा धरून पाहू. ज्या नात्याला अधिक शब्द, त्यात अधिक ओढ. मग हिंदी भाषक आपल्यापेक्षा वडिलांच्या भावांवर अधिक प्रेम करतात असे म्हणावे लागेल, कारण हिंदीत वडिलांचा थोरला भाऊ ‘ताऊ’ आणि धाकटा ‘चाचा’. आपल्याकडे दोघेही काका. तमिळमध्ये थोरला भाऊ ‘अण्णन’, धाकटा ‘तम्बि’. कन्नड, तेलुगू, चिनी, जपानी, हंगेरियन या सगळ्या भाषा भाऊ म्हणताना सहसा थोरला की धाकटा ते सांगायला लावतात. मराठीत ‘भाऊ’ म्हटले की काम भागते. दादा ही हाक आहे, पण ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यात वयाचा प्रश्न येत नाही. याचा अर्थ मराठी माणसाला भावाची ओढ कमी, असे कोणी म्हणेल का? बास्क भाषेत तर बहिणीला दोन शब्द आहेत आणि कोणता वापरायचा हे बहीण कोणाची यावर ठरते: बाईची बहीण ‘आहिस्पा’, पुरुषाची बहीण ‘अर्रेबा’.

पूर्वेकडे शब्द भरपूर आणि पश्चिमेकडे दुष्काळ, हेही खरे नाही. व्याही आणि विहीण या शब्दांचा आपल्याला विशेष अभिमान असतो. स्पॅनिशमध्ये व्याह्याला ‘कोन्सुएग्रो’ आणि विहिणीला ‘कोन्सुएग्रा’ असे रोजच्या वापरातले शब्द आहेत. साडूला ‘कोन्कुन्यादो’ आहे. ग्रीकमध्ये व्याही आहे, रशियनमध्येही आहे. आपण ‘पाश्चात्य’ म्हणतो तेव्हा बहुधा फक्त इंग्रजी डोळ्यांसमोर असते.

या हिशेबात सर्वांत अडचणीची भाषा इटालियन आहे. तिथे काका-मामा सगळे ‘झिओ’ आणि आत्या-मावशी-काकू सगळ्या ‘झिया’. एवढ्यावर थांबत नाही: नातू, पुतण्या आणि भाचा या तिघांनाही ‘निपोते’ हा एकच शब्द. मुलाचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा शब्दाने वेगळे होत नाहीत. आणि कुटुंबवत्सल म्हणून साऱ्या युरोपात ज्यांची ख्याती, ते हेच इटालियन लोक. शब्दसंख्येच्या नियमाप्रमाणे तिथली कुटुंबे विस्कटलेली असायला हवी होती.

## २. शब्द नाही म्हणजे जाणीव नाही?

या समजाची दुसरी, अधिक विद्वान बाजू अशी: ज्या भाषेत फरकाला शब्द नाही, त्या भाषकांना तो फरक जाणवतच नाही. ही चूक साध्यासुध्या माणसाची नाही. नातेसंबंधांचा तौलनिक अभ्यास ज्याने सुरू केला, त्या ल्यूइस हेन्री मॉर्गननेच ती केली.

न्यूयॉर्क राज्यातल्या या वकिलाच्या लक्षात आले की इरोक्वा लोकांतले सेनेका वडिलांच्या भावाला ‘वडील’ म्हणतात, आईच्या भावाला मात्र वेगळा शब्द वापरतात. त्याने प्रश्नावल्या छापून मिशनरी आणि सरकारी प्रतिनिधींमार्फत जगभर धाडल्या. दक्षिण भारतातून तमिळ शब्द हाती आले तेव्हा सेनेका आणि तमिळ यांची रचना जवळजवळ सारखी पाहून तो थक्क झाला. या साऱ्या तक्त्यांचा त्याचा प्रचंड ग्रंथ स्मिथ्सोनियन संस्थेने १८७१ साली प्रकाशित केला. तो आजही चाळावा असा आहे. पण त्या तक्त्यांतून मॉर्गनने काढलेला अर्थ मला मान्य होत नाही. हवाई बेटांवर आई, मावशी, आत्या यांना एक शब्द, आणि वडील, काका, मामा यांना एक शब्द. त्यावरून त्याने ठरवले की एके काळी तिथे एका पिढीतले भाऊ-बहीण सामूहिक विवाहात राहत असावेत आणि बाप कोण हे कळतच नसावे. १८७७ च्या ‘एन्शंट सोसायटी’त त्याने ही मांडणी केली, १८८४ मध्ये एंगेल्सने कुटुंबाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकात ती उचलली आणि पुढे कित्येक दशके ती इतिहास म्हणून शिकवली गेली.

आता प्रत्यक्ष हवाई पाहा. तिथल्या सरदार घराण्यांत माणसाचा दर्जा आई आणि बाप या दोन्हीकडच्या वंशावळीवर ठरे. त्यासाठी वंशावळी मुखोद्गत ठेवणारे जाणकार असत. ‘कुमुलिपो’ हे सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजघराण्यापर्यंत येणारे वंशावळीचे काव्य दोन हजारांहून अधिक ओळींचे आहे. राजा कलाकौआने ते १८८९ मध्ये छापून घेतले. ज्या लोकांच्या भाषेत काका आणि वडील यांना एक शब्द होता, त्याच लोकांत अमुक सरदार कोणत्या आईच्या पोटी आणि कोणत्या बापाचा, हा सर्वांत काटेकोरपणे जपलेला तपशील होता. शिवाय याच भाषेत भावंडांसाठी चार वेगळे शब्द आहेत: आपल्याच लिंगाचे थोरले भावंड, आपल्याच लिंगाचे धाकटे भावंड, बाईचा भाऊ आणि पुरुषाची बहीण. फरक करता येत नव्हता हे म्हणणे टिकत नाही. कोणता फरक शब्दात ठेवायचा हे वेगळे ठरले होते, इतकेच.

जवळचा पुरावा आपल्या कायद्यात आहे. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची मालमत्ता कोणाला जाईल हे १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो. पहिल्या वर्गातले कोणी नसेल तर दुसऱ्या वर्गाची क्रमवार यादी लागू होते. तिच्यातली सातवी नोंद: वडिलांचा भाऊ, वडिलांची बहीण. आठवी: आईचे वडील, आईची आई. नववी: आईचा भाऊ, आईची बहीण. म्हणजे काका किंवा आत्या हयात असेल तर मामा-मावशीपर्यंत वाटा पोचतच नाही. हा कायदा इंग्रजीत लिहिला गेला, त्या ‘अंकल’वाल्या भाषेत, आणि तो लिहिताना मसुदाकारांचे काहीही अडले नाही. ‘अंकल’ शब्द त्यांनी बाजूला ठेवला आणि ‘वडिलांचा भाऊ’, ‘आईचा भाऊ’ असे लिहिले. तसेच काका आणि आत्या एका नोंदीत बसवताना आपल्या दोन वेगळ्या शब्दांचीही त्यांना अडचण झाली नाही. कायद्याला बाजू हवी होती, लिंग नको होते.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सनने १९५९ मध्ये भाषांतरावरच्या निबंधात हाच मुद्दा अचूक पकडला. काय सांगता येते यात भाषांमध्ये फारसा भेद नसतो. काय सांगावेच लागते यात असतो. मला हा नात्यांच्या शब्दांचा पाया वाटतो. मराठीत ‘मामा’ म्हणताच आईची बाजू उघड होते. ती लपवायची म्हटली तर वाक्य आडवळणाने करावे लागते. इंग्रजीत ती झाकलेली राहते आणि हवी तर उघड करता येते. तमिळमध्ये भावाचा उल्लेख करताना थोरला की धाकटा हे सांगितल्याशिवाय सहसा सुटका नाही. इंग्रजी कादंबरीतला ‘ब्रदर’ तमिळमध्ये नेणाऱ्या भाषांतरकाराला लेखकाने कुठेच न सांगितलेले भावाचे वय स्वतः ठरवावे लागते, आणि ‘अंकल’ मराठीत आणणाऱ्याला आईकडचा की वडिलांकडचा याचा शोध घ्यावा लागतो.

## ३. मग शब्द कोणत्या कामाला येतो?

बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगते? आत्या. लग्नात अंतरपाट धरला की मुलीला बोहल्याकडे घेऊन येण्यासाठी गुरुजी कोणाला पुकारतात? मुलीच्या मामाला. नवऱ्या मुलाचा कान कोण पिळतो आणि त्याबद्दल मानाची वस्तू कोण घेतो? नवरीचा भाऊ. पंचांगातले अशौचनिर्णयाचे पान उघडले की त्यात काकाचे सुतक दहा दिवसांचे आणि मामाचे त्याहून पुष्कळच कमी, असे स्वच्छ वेगळे केलेले असते. ज्या घरात असे विधी होतात तिथे ‘अंकल वारले’ एवढ्या निरोपाने भागत नाही; देवपूजा किती दिवस बंद ठेवायची हे त्या एका शब्दावर अवलंबून असते. चीनमध्ये हे आणखी रेखीव होते. शोकवस्त्रांच्या पाच पायऱ्या तिथे शास्त्राने ठरवून दिलेल्या होत्या. काकासाठी वर्षभर शोक, मामासाठी काही महिने. वडिलांच्या थोरल्या भावाला ‘बो’ आणि धाकट्याला ‘शू’ असे चिनी भाषा वेगळे करते, मामाला मात्र थोरला असो की धाकटा ‘ज्यू’ म्हणते. घराण्याच्या पूर्वजपूजेत ज्येष्ठतेचा प्रश्न वडिलांच्या बाजूनेच येतो, आईच्या भावांत थोरला कोण याने तिथे काही ठरत नाही.

सर्वांत बोलका पुरावा लग्नाचा आहे, आणि तो मराठीत अगदी समोर पडलेला आहे. सून सासऱ्यांना ‘मामंजी’ का म्हणते? ते तिच्या आईचे भाऊ नसतात. गावाकडे सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीत आहे; तीही वडिलांची बहीण नसते. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. तेलुगू आणि तमिळमध्येही हेच. दक्षिणेत आते-मामे भावंडांचे लग्न नुसते चालते असे नाही, ते पसंत केले जाते; तेव्हा आत्याच मुलीची सासू होते आणि आत्याचा नवरा तिचा सासरा. महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मामाची मुलगी करून घेण्याची प्रथा आहे, म्हणजे मुलीच्या बाजूने पाहिले तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते. डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतीय आप्तसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, ते अशाच पुराव्यावर. उत्तरेकडच्या भाषांसारखे आपले शब्द चुलत, आते, मामे, मावस असे वेगळे पाडतात आणि ‘आत्याबाई’, ‘मामंजी’ मात्र दक्षिणेचे गणित सांगतात. ज्या घराण्यांत मामेबहीण करत नाहीत, तिथेही सुना मामंजी म्हणतात. रीत एका ठिकाणची, शब्द सगळीकडे पसरलेला.

अरबीत नेमका याचा आरसा दिसतो. तिथे पसंतीचे लग्न काकाच्या मुलीशी. म्हणून सासऱ्याला ‘अम्म’, म्हणजे काका, असे संबोधतात आणि बायकोला ‘बिन्त अम्म’, काकाची मुलगी, म्हणण्याची जुनी रीत आहे, ती नात्याबाहेरची असली तरीही. एकीकडे सासऱ्याला मामा, दुसरीकडे सासऱ्याला काका. या दोन हाकांवरून मराठी सुनेचे आणि अरब जावयाचे प्रेम कोणावर अधिक आहे हे मुळीच कळत नाही. कोणाच्या घरात सोयरीक होत असे ते मात्र चोख कळते.

राहण्याच्या रीतीचेही तसेच. आपली ‘जाऊ’ संस्कृत ‘यातृ’पासून आलेली आणि ‘दीर’ ‘देवृ’पासून. याच कुळातले शब्द लिथुआनियनमध्ये आहेत, लॅटिनमध्ये होते, होमरच्या ‘इलियड’मध्येही भेटतात, रशियनमधला ‘द्येवेर’ म्हणजे आपला दीरच. या सगळ्या भाषा ज्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतून आल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या त्या भाषेत नवऱ्याच्या भावाला, नवऱ्याच्या बहिणीला आणि नवऱ्याच्या भावाच्या बायकोला निश्चित शब्द होते असे अभ्यासक दाखवू शकतात. बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी असे शब्द त्याच खात्रीने उभे करता येत नाहीत. बाई नवऱ्याच्या घरी राहायला जात असे. तिला दिवसभर ज्यांच्यात वावरायचे त्यांना नावे हवी होती. नवऱ्याला मेहुणीबरोबर एका चुलीवर राहायचे नव्हते. सासुरवासाच्या ओव्या ज्या भाषेत आहेत, त्या भाषेत जाऊ आणि नणंद हे शब्द जिव्हाळ्यातून आले असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

## ४. शब्द मिसळतात तेव्हा काय होते?

‘अंकल’च्या घरातच जाऊ. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या इंग्रजीत काका ‘फॅदरा’ होता आणि मामा ‘एआम’. आत्या ‘फाथु’ आणि मावशी ‘मोद्रिये’. चारांना चार शब्द, थेट आपल्यासारखे. पुढे फ्रेंचमधून आलेले ‘अंकल’ आणि ‘आँट’ त्यांच्या जागी बसले. फ्रेंच शब्द तरी कुठून आले? लॅटिनमधून. लॅटिनमध्येही काका ‘पात्रुउस’, मामा ‘अवुन्कुलुस’, आत्या ‘आमिता’, मावशी ‘मातेर्तेरा’ अशी चौकट होती. फ्रेंचने मामाचा शब्द दोन्ही पुरुषांना आणि आत्याचा शब्द दोन्ही बायकांना लावला. इंग्रज माणूस ‘अंकल’ म्हणतो तेव्हा मूळ शब्द मामाचा आहे.

हे शब्द मिसळले तेव्हा मागे काय बदलत होते? प्राचीन रोमन कायद्यात वारसा आणि पालकत्व पुरुषाकडून चालणाऱ्या कुळात जाई. बाप मेलेल्या मुलाचा पालक म्हणून काका पुढे येत असे, आणि ‘पात्रुउस’ म्हणजे करडा, टोकणारा माणूस अशी लॅटिन साहित्यात त्याची प्रतिमा होती. सम्राट जस्टिनियनने ५४३ साली वारशाच्या नियमांत पुरुषाकडचे आप्त आणि स्त्रीकडचे आप्त हा भेद काढून टाकला. नंतर चर्चने लग्नाला निषिद्ध नाती ठरवली, तीही दोन्ही बाजूंनी सारखी मोजून. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ही मर्यादा सातव्या पायरीवरून चौथ्यावर आणली, पण बाजूंची समानता तशीच ठेवली. कायदा आणि धर्म दोघेही ‘किती जवळचा’ एवढेच विचारू लागले. ‘कोणाकडचा’ हा प्रश्न मागे पडला. शब्द लगोलग बदलले असा याचा अर्थ नाही. पण जुना फरक धरून ठेवायला आधार उरला नव्हता.

जर्मनमधली घडामोड तर फारच अलीकडची. काका, मामा, आत्या, मावशी यांचे ‘फेटर’, ‘ओहाइम’, ‘बाझे’, ‘मूमे’ असे शब्द तिथे होते. सतराव्या-अठराव्या शतकांत ‘ओंकेल’ आणि ‘टान्टे’ फ्रेंचमधून आले आणि जुने शब्द हळूहळू पुस्तकांत गेले. पोलिशमध्ये काकाचा ‘स्त्रिय’ आता मागे पडतो आहे आणि मामाचा शब्द दोघांना चालतो. या प्रत्येक ठिकाणी पुतण्यांवरचे प्रेम आटले असे दाखवणारा पुरावा कोणाकडे आहे? मला तो कुठे आढळला नाही.

आपल्या डोळ्यांदेखत मराठीतही हेच चालले आहे. आत्याच्या नवऱ्याला गावाकडे मामा म्हणत, काही घरांत आतोबा. शहरांत आता सरसकट काका. मावशीचा नवरा काका, शेजारी काका, वडिलांचे मित्र काका, रिक्षावाले काका. ‘चुलता’ आणि ‘चुलती’ हे शब्द शहरी बोलण्यातून जवळजवळ गेले. ‘अंकल’ने मराठीवर आक्रमण केले म्हणून आपण हळहळतो, पण ‘अंकल’ जे काम इंग्रजीत करतो ते ‘काका’ने मराठीत केव्हाच सुरू केले आहे.

## माया कुठे असते

मामा म्हणजे लाड, हे आपल्या मनात इतके घट्ट आहे की ते शब्दातच आहे असे वाटते. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊनने १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मामांवर निबंध लिहिला. जिथे घराणे बापाकडून चालते आणि बापाचा धाक असतो, तिथे मामा मोकळा, लाड करणारा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मॅलिनोव्स्की या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञाला ट्रोब्रिआंड बेटांवर उलटे चित्र दिसले. तिथे घराणे आईकडून चालते, वारसा मामाकडून भाच्याला मिळतो, शिस्त मामा लावतो; बाप हा मुलांचा खेळगडी. मामाला तिथेही स्वतंत्र शब्द आहे. एकच नाते, एकच शब्दाची जागा, आणि भावना दोन टोकांच्या. आपल्या पुराणांतला कंस आणि महाभारतातला शकुनी हेही मामाच होते.

## आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शब्द असला की लक्ष तिकडे वळते. मग शब्दाचा विचारावर काहीच परिणाम नाही, असे कसे म्हणता? तसे मी म्हणत नाही. रशियन भाषेत गडद निळ्याला ‘सीनी’ आणि फिकट निळ्याला ‘गोलुबोय’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की या दोन शब्दांच्या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा रशियन भाषक किंचित लवकर वेगळ्या ओळखतात. इंग्रजी भाषकांत तसा फायदा दिसत नाही. त्याच प्रयोगात, मनातल्या मनात आकडे घोकायला लावून भाषेला गुंतवून ठेवले की रशियनांचाही फायदा नाहीसा झाला. परिणाम आहे, पण तो सेकंदाच्या अंशाचा आहे, आणि शब्द बोलता येत असतानाचा. मराठी मूल मामा आणि काका यांच्यातला फरक इंग्रज मुलापेक्षा लवकर शिकत असेल. यावरून ते मामावर अधिक माया करते हे सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप स्वीडिश लोकांच्या तोंडून यायला हवा. गरजेप्रमाणे शब्द टिकतात म्हणता, तर जिथे माणूस स्वतंत्र आणि कुटुंब लहान, त्या स्वीडनमध्ये काका ‘फारब्रोर’ आणि मामा ‘मोरब्रोर’, आजीही आईची ‘मोर्मोर’ आणि वडिलांची ‘फार्मोर’ अशी वेगळी कशी? हा आक्षेप खरा आहे आणि त्याने माझ्या मांडणीला मुरड घातली आहे. या शब्दांत अडते असे काही नाही: मोर म्हणजे आई, ब्रोर म्हणजे भाऊ. लक्षात ठेवायला ते फुकट आहेत, म्हणून गरज संपली तरी झिजत नाहीत. चार्ल्स केम्प आणि टेरी रेगियर या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखात ४८७ भाषांतली नात्यांची व्यवस्था तपासली. कल्पनेत शक्य असलेल्या असंख्य मांडण्यांपैकी प्रत्यक्ष भाषा ज्या वापरतात त्या दोन ओढींच्या तोलावर उभ्या दिसतात: शब्द कमी आणि सोपे असावेत, आणि तरी नेमके माणूस कळावे. म्हणजे गरजेबरोबर किंमतही चालते. रशियनमधले ‘द्येवेर’ आणि ‘झलोव्का’ एकेकटे पाठ करावे लागतात, म्हणून आजचे पुष्कळ शहरी रशियन ‘नवऱ्याचा भाऊ’ असेच म्हणून मोकळे होतात. स्वीडिश काकाला ती किंमत नाही.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: शब्द गेले की नातीही जातात. मला उलटा क्रम दिसतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ होता. एकुलत्या एक आईबापांच्या एकुलत्या एका मुलाला काका नसतो, मामा नसतो, आत्या नसते, मावशीही नसते. चीनमध्ये एक-मूल धोरणाच्या दोन पिढ्यांनंतर असे लाखो संसार झाले. तिथले शब्द अजून सगळ्यांना पाठ आहेत, पण ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला हाक मारायला वापरले जातात. शब्द जपून ठेवल्याने त्या मुलाला मामा मिळणार नाही. बारशाला आत्या नसेल तर आईची मैत्रीण कानात नाव सांगते, आणि त्या दिवसापुरती ती आत्याच असते.

## शब्द कुठे अडतो आहे

जुन्या शब्दांची गणना करण्यापेक्षा मला नव्या गरजेची अडचण अधिक तातडीची वाटते. ‘सावत्र’ या शब्दाच्या मुळाशी सवत आहे, संस्कृत ‘सपत्नी’. एका पुरुषाला दोन बायका, आणि त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय, हे सांगायला तो घडला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरी बायको बेकायदा ठरवली. आज एखाद्या मुलाला दुसरा बाप येतो तो घटस्फोटानंतर किंवा वैधव्यानंतर आईने केलेल्या लग्नातून. तिथे सवत कुठेच नाही. तरी त्याला म्हणायचे ‘सावत्र बाप’, आणि तो शब्द गोष्टींतल्या सावत्र आईचा सगळा छळ सोबत घेऊन येतो. स्वीडिश लोकांनी अशा वडिलांना ‘बोनुसपापा’ म्हणायला सुरुवात केली आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला त्यांच्याकडे ‘साम्बो’ हा साधा शब्द आहे, आणि अशा घरातल्या सामाईक मालमत्तेसाठी १९८७ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये त्यांनी कायदेही केले. आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याला अशा स्त्रीला संरक्षण द्यायचे होते, तेव्हा ‘विवाहाच्या स्वरूपाचा संबंध’ असा वाक्प्रयोग जुळवावा लागला; बोलताना आपण ‘लिव्ह-इन’ म्हणतो.

आईच्या दुसऱ्या नवऱ्याला मराठी घरांतली मुले पुष्कळदा ‘काका’च म्हणतात. घरात ते चालते. पण शाळेच्या अर्जावर ‘पालकाशी नाते’ या रकान्यात काका लिहिले की पुढचा प्रश्न येतो, रुग्णालयात संमतीपत्रावर सही करताना येतो, वारशाच्या दाखल्याच्या वेळी तर येतोच. दर वेळी त्या माणसाला आपण कोण हे लांबण लावून सांगावे लागते, मुलासमोर. शब्दाची गरज आज तिथे आहे, आणि तिथे मराठीकडे अजून सवतीच्या घरातला जुना शब्दच आहे.